मुकुट नव्हे, अंबाडा

खालापूर, रविवार

प्रिय किरणदादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र शेजारच्या चांगोच्या हाती भिवपुरीला, तुझ्या क्वार्टरवर पाठवते आहे.

आपल्या देव्हाऱ्यातला तुझ्या आईचा टाक आठवतो ना? ती तुझ्या जन्माच्या वेळीच गेली. तिचा फोटो नव्हता. बाबांना बांध घालताना सापडलेलं ते जुनं चांदीचं नाणंच माझ्या आईनं, लग्न होऊन आल्यावर, सवतीचा टाक म्हणून देवात ठेवलं. त्यावरचा चेहरा दाखवून ती तुला सांगायची, "ही बघ रं तुझी आई." शाळेला निघताना तू तिच्या पाया पडायचास.

आणि बावीस वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला, कॉलेजात इतिहासाची दोन पुस्तकं वाचलेली मी पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, हा तर रोमचा राजा! मुकुट बघ. इतकी वर्षं कुणा बाप्याला आई म्हणतोयस." सगळे हसले. फक्त आई म्हणाली, "मुकुट नाय गं, अंबाडा हाय तो." तू ताटावरून उठलास, तो पुन्हा आलाच नाहीस. त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलंय, 'दादा उगाच चिडला.' ते पान फाडलेलं नाही. फाडायचा हक्क मला नाही.

गेल्या महिन्यात आई अंथरुणावरून म्हणाली, "एकदा नीट इचारून ये." पुण्याला नाण्यांच्या एका जाणकारांकडे गेले. त्यांनी भिंगातून पाहिलं. अंबाडाच आहे, दादा. उंच बांधलेला, दर दसऱ्याला चिंचेनं घासून झिजलेला. ती रोमची राणी. ती गेल्यावर नवऱ्यानं तिच्या आठवणीसाठी तिच्या चेहऱ्याची नाणी पाडली. मागच्या बाजूला डोक्यावरून पदर घेतल्यासारखी एक बाई उभी आहे. घरी येऊन सांगितलं, तर आई म्हणाली, "मंग आमी काय येगळं केलं?"

आई मंगळवारी गेली, हे तुला कळलं असेल. येत्या गुरुवारी पाताळगंगेवर दहावा. गोदूबाई आत्या हटून बसली आहे, "सवतीला सवतीसंगं पाण्यात सोडा. मागं ठेवून कुनाला तरास?" टाक सापडत नाही असं मी तिला खोटं सांगितलंय. तो माझ्या पर्समध्ये आहे. पण नदीवर सगळ्यांदेखत तिनं हात पुढे केला, तर मला पुन्हा खोटं बोलता येणार नाही. हे तुझ्यासाठी लिहिते आहे की माझ्या मनावरचं उतरवायला, तेही कळत नाही. माझ्याशी बोलू नकोस. घरातही येऊ नकोस. फक्त गुरुवारी सकाळी नदीवर ये, आणि तुझ्या आईला घेऊन जा.

तू म्हणशील तर तुझीच बहीण,
सुप्रिया