लाल गाडी, हिरवी गाडी आणि सर्व्हेअरकाकांचा जिना

ती. दादास,

हेल्मेट काढून मगच साष्टांग नमस्कार. (घालूनही करून पाहिला, कपाळ जमिनीला टेकत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? मी सांगितलेले व्यायाम तू करत नाहीस हे मला इथे बसून कळतं, तेव्हा ‘बरा आहे’ असं मोघम कळवू नकोस. घरात सगळ्यांना यथायोग्य सांग.

पत्रास कारण की, तुझ्या बहिणीने मोटरसायकल घेतली. स्वतः पाहून, पारखून आणि चालवून. तू मागे बजावलं होतंस, जुनी गाडी बघायला जाताना एखादा जाणता पुरुष सोबत ने. त्याप्रमाणे मी ह्यांना नेलं. (पुरुषाची सोय झाली. जाणता कुठून आणायचा?) आता तू म्हणशील, हिला मोटरसायकल कशाला हवी? तर घरोघरी जाऊन लोकांना चालायला शिकवायचं हा माझा धंदा, आणि मोडलेली माणसं नेमकी चढावरच राहतात. माझ्या स्कूटरने रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याशी घरोबा केला होता, आणि अलीकडे तर ती मुक्कामालाच राहू लागली. हॉस्पिटलमधले हाडांचे डॉक्टर, जे मला पेशंट पाठवतात, ते एकदा पेशंटदेखतच म्हणाले, “बाई, तुमचा हात चांगला आहे, पण तो वेळेवर पोचला पाहिजे.” ते मला फार लागलं. त्याच आठवड्यात मी स्कूटर मोडीत काढली आणि मोठ्या चाकांच्या शोधात निघाले.

शोधता शोधता दोन गाड्या उरल्या, एक लाल आणि एक हिरवी. लाल गाडी एका फोटोग्राफरची. इतकी चकचकीत की तिच्या टाकीत बघून मी केस सारखे केले. हे तर पाहताक्षणीच पाघळले. मी मात्र तू शिकवलंस तशी खाली बसले, इंजिनाखाली तेल गळतंय का पाहिलं, चेन दाबून पाहिली आणि नुसतं ‘हं’ म्हटलं. दादा, त्या ‘हं’मध्ये काय ताकद आहे! फोटोग्राफर लगेच म्हणाला, “ते मी करून देतो.” काय करून देतो ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला माहीत नाही हे त्याला कळलं असतं. मग त्याने ह्यांना गाडीवर बसवून, हनुवटी जरा वर करायला लावून, एक फोटो काढला. तेव्हापासून ह्यांच्या लेखी दुसऱ्या गाडीचा विषय संपला होता.

मी चालवून बघते म्हटलं आणि ह्यांना मागे बसवून निघाले. गाडी पळते छान, खोटं कशाला बोलू. पण सीट उंच. माझे पाय जमिनीला लागायचे ते फक्त अंगठ्यांनी, आणि दोन अंगठ्यांवर संसार, गाडी आणि नवरा तोलणं अवघड असतं. बँकेसमोर सिग्नल लागला. मी थांबले आणि मग डावीकडे कलले. कलतच गेले. हे उंच असल्यामुळे दोन्ही पाय टेकून उभे राहिले आणि गाडी त्यांच्याखालून निघून गेली, तरी ते तसेच उभे, हनुवटी वर. मी मात्र पडले. पण काय पडले, दादा! हात आखडून, मान आत घेऊन, खांद्यावरून लोळून. पडायचं कसं हे मी आयुष्यभर लोकांना शिकवत आले, त्या दिवशी भर चौकात प्रात्यक्षिक दिलं. अंगावर ओरखडा नाही. बँकेचा वॉचमन धावत आला, तर त्याला मी उठायच्या आधी तिथेच समजावून सांगितलं की अशा वेळी तळहात टेकायचा नसतो, मनगट जातं. त्याने मान डोलावली. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. (आरशाला तडा गेला होता, तो मी बदलून दिला. त्या आरशात हे स्वतःला फार छान दिसले होते, म्हणून ते हळहळले.)

हिरवी गाडी गणिताच्या एका निवृत्त बाईंची. शाळेत जायला त्यांनी जन्मभर तीच वापरली, आता मनगट साथ देत नाही म्हणून विकायची. रंग कुठे कुठे उडालेला, सीटला घरी शिवलेलं कव्हर, पण बसल्याबरोबर माझे दोन्ही पाय जमिनीला असे टेकले की मला भरून आलं. मी खाली बसून ‘हं’ म्हणणार, तेवढ्यात बाईच म्हणाल्या, “आधी मी विचारते.” आणि माझी तोंडी परीक्षा सुरू झाली. चोक कधी ओढायचा? उतारावर क्लच दाबून का जायचं नाही? पावसात पुढचा ब्रेक कसा लावायचा? ह्यांनी मध्येच एक उत्तर द्यायचा प्रयत्न केला, तर बाईंनी त्यांना आपली पर्स धरायला देऊन पायरीवर बसवलं. मी पास झाले, दादा! काठावर नव्हे, चांगली पास झाले. पण बाईंचं समाधान झालं नाही. “प्रात्यक्षिक बाकी आहे,” म्हणत त्या पदर खोचून माझ्या मागे बसल्या.

आता इथे मला सर्व्हेअरकाकांबद्दल सांगितलं पाहिजे. ते माझे पेशंट. सगळी नोकरी डोंगरदऱ्यांतून मोटरसायकलवर झाली आणि शेवटी घरात स्टुलावरून पडून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं. काठी घेऊन ते घरभर फिरतात, माझ्यावर ओरडतात, पण दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरायचं नाव नाही. जिन्याच्या तोंडाशी नेलं की त्यांना काहीतरी काम आठवायचं. मी गोडीने सांगितलं, रागावले, काकूंनी डोळ्यांतून पाणी काढलं, पण ते आपले ‘उद्या’ म्हणून बाल्कनीत जाऊन बसायचे. डॉक्टरांनी तर माझ्यासमोर कपाळावर आठी घातली होती. रात्री अंथरुणावर पडलं की मला तो जिना दिसायचा.

तर त्यांच्याच इमारतीसमोरच्या चढावर हिरवी गाडी आचके देऊन बंद पडली. मी किक मारली. पुन्हा मारली. मागे बाई गप्प, परीक्षेत पर्यवेक्षक बसतात तशा. एवढ्यात वरून गर्जना झाली, “कॉक! पेट्रोलचा कॉक फिरवा! रिझर्व्हला लावा!” बाल्कनीत काका. मी कॉक शोधू लागले. “उजवीकडे नाही! डावीकडे! अहो, टाकीखाली!” माझ्या हाताला तिथे नळ्या, स्क्रू आणि चटका एवढंच लागत होतं. “काय करताय? राहू दे, हात लावू नका!” असं ओरडून ते बाल्कनीतून दिसेनासे झाले. मला वाटलं, कंटाळले.

पण थोड्या वेळाने इमारतीच्या दारातून आधी काठी आली, मग काका आले आणि त्यांच्यामागे तोंडावर हात धरून काकू. काका थेट गाडीपाशी येऊन वाकायला लागले. मी एवढ्या जोरात “वाकू नका!” ओरडले की पलीकडचा फळवालाही सरळ झाला. मग त्यांनी काठीच्या टोकाने कॉक दाखवला, मी तो फिरवला, किक मारली आणि गाडी धडधडली. “बघा!” काका म्हणाले. मी म्हटलं, “बघतेय. काका, तुम्ही रस्त्यावर आहात.” त्यांनी खाली पाहिलं, मग वर स्वतःच्या बाल्कनीकडे पाहिलं आणि काकूंना म्हणाले, “बाल्कनीला रंग द्यायला झालाय गं.” मला समोरचं काही दिसेना. हेल्मेटच्या काचेवर वाफ धरली असणार.

काकांना गाडीवरून एक चक्कर हवी होती. मी म्हटलं, आधी जिना चढून दाखवा. पुटपुटत, कठड्याला धरून, प्रत्येक पायरीला मला नावं ठेवत ते चढले. चांगला पाय आधी, मी शिकवलं तसं. खाली येऊन मी बाईंसमोर उभी राहिले. पेट्रोल संपत आलंय हे त्यांना निघतानाच ठाऊक होतं, तो पेपरातला शेवटचा प्रश्न होता. त्या म्हणाल्या, “गाडी बंद पडली तरी तुम्ही तिला एकही शिवी दिली नाहीत. घेऊन जा.” (दिल्या होत्या. हेल्मेटच्या आत.)

आता रोज त्याच गाडीवर हिंडते. काका आठवड्यातून एकदा खाली येऊन चेनला तेल घातलं का ते तपासतात. डॉक्टरांनी परवा नवा पेशंट पाठवला, तोही चढावरचा. दादा, बढाई मारायची मला सवय नाही हे तू जाणतोसच, पण इथे तुझी बहीण दुरून नुसत्या आवाजावरून ओळखली जाते.

कळावे. गुडघा वाकव.

तुझी,
वेळेवर पोचणारी धाकटी

ता. क. — फोटोग्राफरने ह्यांचा लाल गाडीवरचा फोटो मोठा करून दिला. तो दिवाणखान्यात लावलाय. कुणी विचारलं की हे ‘ती काढून टाकली’ एवढंच म्हणतात आणि सुस्कारा सोडतात.

दुसरा ता. क. — खरं काम राहिलंच. आईला मी यातलं काही कळवलेलं नाही. स्कूटर मोडीत काढल्यापासून मी बसने जाते असा तिचा समज आहे. तुझ्याकडे आहे तोवर तूच तिच्या कानावर घाल. जेवण झाल्यावर, तिला पंख्याखाली बसवून. आधी काकांचा जिना सांग, मग बाईंचं सांग, आणि चेहरा बरा दिसला तरच गाडीचं काढ. चौकातल्या प्रात्यक्षिकाबद्दल अवाक्षर नको. तू मोठा आहेस, तुझं ती ऐकते. एवढ्याचसाठी हे एवढं पत्र.

तिसरा ता. क. — पाकीट चिकटवत होते, तोच आईचा फोन आला. ह्यांनी काल तिला सगळं सांगून टाकलंय, मी कशी लोळले तेसुद्धा, हावभावांसकट. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर आई म्हणाली, “मागे बसणाऱ्याला धरायला दांडी आहे का गं?” आहे म्हटलं. तेव्हा वरचं काम रद्द समज आणि तिला पुढच्या आठवड्यात इकडे आणून सोड. परत न्यायला मात्र येऊ नकोस. आम्ही दोघी आमच्या येऊ.