मागच्या चाकाचं बेअरिंग

बाबा, तुमची गाडी पुन्हा घुमायला लागली होती. मागचं उजवं चाक. वटारच्या रस्त्यावर जरा वेग घेतला की लांब कुठेतरी दळायचं जातं फिरतंय असा आवाज. तुम्ही असतात तर आधी रेडिओ बंद करायला लावला असतात. मला आठवतंय, चाफ्याच्या टोपल्या स्टेशनवर पोचवून आपण परत येतोय, स्टिअरिंग माझ्या हातात, मी नवीनच शिकलेली, आणि तुम्ही म्हणताय, "जरा डावीकडे घे. आता उजवीकडे. कुठे वाढतो आवाज?" मी वैतागून म्हटलं, "चालतेय ना गाडी!" केवढ्याने खेकसलात! "चालतेय तोवरच चालते. चाकाला हलकं लावायचं नाही, सांगून ठेवतो." बाकी सगळ्यात तुम्ही पक्के चिक्कू, पण चाकाच्या बाबतीत नाही.

गाडी विकून टाक, असं सगळेच सांगतात. सांगायला काय जातंय! रिक्षात आईला धक्के सोसत नाहीत, दुसऱ्या गाड्यांत वाकून बसावं लागतं. हिची सीट उंच. पाठ टेकली की हॉस्पिटलपर्यंत निदान कण्हत तरी नाही. म्हणून काल सकाळी वालीवला गेले. मेकॅनिकने चाक उचलून फिरवलं, हलवून पाहिलं आणि तीन खोकी पुढ्यात ठेवली. एक गाडीच्या कंपनीचं, महाग. दुसरं बेअरिंग बनवणाऱ्यांचंच, माल तोच, फक्त खोक्यावर गाडीचं नाव नाही, म्हणून परवडणारं. तिसरं लोकल, अगदीच स्वस्त. मी दुसरं उचललं. तो म्हणाला, "मॅडम, गाडी अजून किती ठेवायचीय ते सांगा. चार-पाच वर्षं असेल तर हेच घ्या. नाहीतर उगाच कशाला खर्च? लोकल पण वर्षभर काढेल."

त्याला काय, साधा प्रश्न. गाडी आईसाठी ठेवलीय, आई आहे तोवर. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून जे सांगितलं ते मी अजून कुणापाशी बोललेले नाही, आणि हा माणूस हाताचं ग्रीस पुसत उत्तराची वाट बघत उभा. "वर्षभर," मी म्हटलं. "मग लोकल बस्स झालं," म्हणत त्याने माझ्या हातातलं खोकं काढून घेतलं. मी काढून घेऊ दिलं.

आज आईला घेऊन निघाले. पापडी गावापर्यंत ती चाकाकडे कान लावून बसली होती. मग म्हणाली, "आवाज गेला गं. चांगलं बसवलंस ना? ह्यांना हलकं खपायचं नाही." मी म्हटलं, "चांगलंच बसवलंय. पाच वर्षं बघायला नको." तिने सीटला पाठ टेकली. "मग बरं. माझ्या मागनं तुला होईल," म्हणाली.

हा कागद ठेवायची सोय नाही, आईच्या हाती लागेल. फाडूनच टाकते. रागवायचं तर रागवा बाबा, पण तुम्हाला म्हणून सांगते: मेकॅनिकला वर्षभर म्हटलं ना, तेही मी वाढवूनच सांगितलं.