अप्पांची रजा वाढली

६ जानेवारी २०२५

आज पुन्हा ट्रंक! चहाची भांडी विसळून बाहेर येते तर अप्पा अंगणात उभे. ब्लेझर, छातीवर पदकं, हातात ती काळी लोखंडी ट्रंक. "सिस्टर, रजा संपली. गाडी चुकंल." सिस्टर म्हणजे मी. दोन वर्षं झाली, सासऱ्यांना सून म्हणून माझी ओळखच नाही. मिलिटरी हॉस्पिटलातली नर्स समजतात. पगार तेवढा कुणी देत नाही!

ह्यांनी नेहमीसारखी अंगणाच्या दाराला कडी घातली. "आवं अप्पा, तुमी रिटायर झालाय! कवाच!" मग आरडाओरडा, दारावर ट्रंक आपटणं. बाप-लेक दोघंही घामाघूम. हे म्हणाले, "डोस्कं फिरलंय म्हाताऱ्याचं." मी म्हटलं, फिरलेलं नाही, विसरतंय. तर जेवायलाच बसले नाहीत.

९ जानेवारी

साताऱ्याला ट्रेनिंगचा तास. संस्था छोटी आहे, डिमेन्शिया झालेल्या म्हाताऱ्यांना कसं सांभाळायचं ते घरच्यांना शिकवते. शिकवणाऱ्या सुमैरा मॅडम मिरजेच्या, फटकळ. मला आवडतात. त्यांना ट्रंकेचं सांगितलं. म्हणाल्या, "हा वाद तुम्ही कधी जिंकलाय का? मग घालता कशाला? ते जिथं आहेत तिथं तुम्ही जा." मग विचारलं, "तुमच्यात जवान रजेवरनं परत निघाला की काय करतात?"

ओवाळतात, म्हटलं. हातावर दही देतात. स्टँडपर्यंत कुणीतरी पोचवायला जातं.

"मग करा की!"

१० जानेवारी

केलं! ओवाळलं, तळहातावर दही-साखर ठेवली, स्टँडवर जाऊन बाकावर बसलो. कोरेगावची एसटी गेली, साताऱ्याची गेली. मग मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, तार आलीया. रजा वाढली." अप्पांनी निमूट ट्रंक उचलली. "मग घरला चला. शेंगा भाजा."

इतकं सोपं! आणि आम्ही दोन वर्षं कडी लावत होतो. लय राग आला. नक्की कुणाचा ते कळेना.

ह्यांचं म्हणणं: "गावात तमाशा नको." गावाला काय, त्याला रोजच नवा तमाशा लागतो.

१५ जानेवारी

संस्था रहिमतपुरात अशा म्हाताऱ्यांसाठी दिवसभराची खोली काढायला तयार आहे. पण निम्मा खर्च गावानं उभा करायचा, आणि गावातल्या एका बाईनं आठ दिवस सांगलीला राहून पुढचं ट्रेनिंग घ्यायचं. बाई मीच. दुसरी कोण तयार होतेय!

हे: "आन् आठ दिस अप्पांना कोण बगणार?"

"तुम्ही."

"मला न्हाई जमायचं ते नाटक."

जमेल. जमवीन.

२० जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू. बायका टेकल्या तशी उभी राहिले. म्हटलं, यंदा मी वाण देणार नाही, घेणार! वाट्या-डबे सगळ्यांच्या कपाटात मावेनात. त्याऐवजी खोलीसाठी ह्या डब्यात काय ते टाका. आणि अप्पांचा आजार तोंडानं सांगितला, नाव घेऊन. हे पडवीत मान खाली घालून बसलेले.

मग शेजारच्या सुलाबाई हळूच म्हणाल्या, "माजी सासू मला रोज चोर म्हणती गं. कुणाला बोलले न्हाई आजवर." मग एकेकीचं तोंड उघडलं.

तेवढ्यात अप्पा आले. ट्रंक घेऊन! तबकं, निरांजन, नटलेल्या बायका बघून थबकले. "समद्या आलाय व्हय निरोप द्यायला?"

सुलाबाईंनी निरांजन उचललं. मग दुसरीनं, तिसरीनं. कुणी दही आणायला पळाली. अप्पा ताठ उभे, प्रत्येकीला सलाम. मी तोंडात तिळगूळ घेऊन रडले. खुशाल रडले.

पण आता स्टँडवर कोण जाणार? घर पाहुण्यांनी भरलेलं. तर हे उठले. बापाच्या हातातली ट्रंक घेतली आणि निघाले.

अंधार पडल्यावर परत आले. अप्पा खूश. "रजा वाढली!" ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी दोघांपुढं भाजलेल्या शेंगा ठेवल्या.

२ फेब्रुवारी

डबा, माजी सैनिकांची मदत, दूध डेअरीचा हातभार — जमलं! खोलीला रंग सुलाबाईंचा भाऊ देणार.

९ फेब्रुवारी

उद्या निघायचं. ह्यांना सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं. "दही संपलं तर विरजण लावा." "तू जा गं बाई!"

अप्पांनी माझी बॅग बघितली. "सिस्टर, बदली झाली व्हय?"

"न्हाई अप्पा. सांगलीला ट्रेनिंगला चाललेय. येते आठ दिवसांनी."

"सांगली," म्हणाले, आणि भिंतीकडे बघत बसले. आठ दिवसांनी सिस्टर तरी म्हणतील का? पण जाणार म्हणजे जाणार!

१३ फेब्रुवारी, सांगली

ह्यांचा फोन, स्टँडवरून. अप्पा आज ट्रंक घरीच ठेवून निघाले. हातावरचं दहीसुद्धा खाल्लं नाही. रजा वाढली म्हणून सांगितलं तरी बाकावरून उठेनात. "मी कुटं चाललोय? आमची संयोगिता यायची हाय सांगलीवरनं. तिला घ्यायला आलोय."

माझं नाव घेतलं.

हे रडत होते. "काय सांगू गं आता?" म्हटलं, आज खरं तेच सांगा. ट्रेनिंग संपलं की येतेय म्हणावं.