सायीच्या डब्यावरचा कागद

प्रिय वैशाली,

चार महिन्यांत तुला पत्र लिहावंसं वाटलं नाही. खोटं कशाला सांगू? वाटलं होतं, धीर झाला नाही. आज लिहिते आहे, कारण रेवा तुझ्या माहेरी राहायला गेली. नितीन तिला आणि तुझ्या भावाला गाडीने उमरखेडला सोडायला गेलाय. बाभुळगावला परत यायला त्याला दिवेलागण होईल. तो येण्याआधी मला हे संपवायचं आहे.

तू गेलीस, तुझ्या फोटोला हार चढला, तेव्हापासून तुझी लेक माझ्याशी बोलत नव्हती. जेवायची, शाळेत जायची, अभ्यास करायची. "हो", "नको", "झालं". माझ्या वाट्याला एवढे तीनच शब्द. अकरा वर्षांच्या मुलीत एवढा निग्रह येतो कुठून?

मग तुझ्या भावाचा फोन आला. "पोरीले इकडं पाठवा. माह्या पोरीसंगं शाळेत जाईन, मन लागन तिचं." नितीन म्हणाला, रेवा ठरवेल. रविवारी मामा येईल, तेव्हा तिने सांगायचं. तो रविवार आजचा.

मला ती जायला नको होती. आणि तिला थांबवायला माझ्याकडे काय होतं? तुझं हॉट चॉकलेट! तुझ्या हातचं ते एकच तिने मागून घेतलेलं मी पाहिलं आहे. काल मी यवतमाळला जाऊन कोको पावडर आणली, कडू चॉकलेटची वडी आणली. तुझी कृती मला पाठ आहे, हे तुला माहीत होतं का? तू करायचीस तेव्हा मी दारात उभी राहून नाक मुरडत बघायची. कोको आधी थोड्या गरम दुधात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही. मग आटत आलेल्या दुधात तो आणि चॉकलेटचे तुकडे. शेवटी चिमूटभर मीठ. त्या मिठावरून मी तुला किती बोलले! दुधात मीठ घालतं का कुणी?

आणि वर ती साय. थंडगार, पिठीसाखर घालून फेटलेली, संत्र्याची साल किसून घातलेली.

सायीवरूनच सगळं झालं, वैशाली. माझ्या घरात साय तुपासाठी. मागच्या वर्षी रेवाच्या वाढदिवसाला तू चार दिवसांची साय वेगळी ठेवलीस. डब्यावर कागद चिकटवलास. 'रेवाच्या वाढदिवसासाठी. कृपया घेऊ नये.' कार्यालयात लावतात तसा. माझ्याच फ्रिजमध्ये मला सूचना! मी तो कागद काढला, चुरगळून केरात टाकला आणि सगळ्या सायीचं लोणी केलं.

तू विचारलंस तेव्हा म्हणाले, "कागद? मी नाही पाह्यला बा कागद."

नितीन तुझ्यावर ओरडला. "आईनं पाह्यला नसन. तू कायले एवढं तोंड पाडून बसली? एवढ्याशा सायीसाठी म्हाताऱ्या माणसाले खोटं पाडतं का?" तू म्हणालीस, "असू द्या." वाढदिवसाला आलेल्या मुलींनी साय नसलेलं हॉट चॉकलेट प्यायलं. दोन दिवस नितीन तुझ्याशी धड बोलला नाही. मी गप्प बसले. अख्खा जन्म शाळेत मुलांना मराठी शिकवलं आणि मला एक वाक्य बोलता आलं नाही!

आज सकाळी पातेलं बर्फात ठेवून साय फेटायला घेतली. अर्धीच घेतली, भीती होती म्हणून. साय फुलली. पांढरी, मऊ, अगदी तू करायचीस तशी. तिथे थांबायला हवं होतं. पण हा हात चाळीस वर्षं लोणी काढत आलाय. लोणी येईपर्यंत थांबायचं नाही, एवढंच त्याला ठाऊक. चार फेरे जास्त पडले असतील. पाणी सुटलं, कण दिसायला लागले. लोणी!

मागे बघितलं तर रेवा दारात. प्रवासाचे कपडे घातलेली.

"आजी, तू मुद्दाम करून राह्यली का?"

चार महिन्यांनी आलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

"नाही गं," मी म्हणाले. "या वेळी नाही."

तोंडातून निघून गेलं.

"मागच्या वेळी?"

गॅसवर दूध वर येत होतं. मी गॅस बारीक केला. तेवढाच वेळ मला मिळाला.

"मागच्या वेळी मुद्दाम केलं."

"मले माहीत हाय. केरात कागद मीच पाह्यला. आईले दाखवला, तं ते म्हणे, आजीले काही बोलू नको."

वैशाली, तुला माहीत होतं! कागद हातात असताना तू "असू द्या" म्हणालीस? नितीनसमोर तो कागद का नाही ठेवलास? भांडली का नाहीस माझ्याशी? भांडली असतीस तर मी दोन दिवस फुगले असते आणि मग संपलं असतं. तू मला वाचवलंस आणि लेकीच्या डोक्यावर हे ओझं दिलंस. हा माझा तुझ्यावरचा एकच राग आहे. बाकीचे सगळे खोटे होते.

"सरक," रेवा म्हणाली. उरलेली साय तिने फेटायला घेतली. मला वाटलं, आता कुठे सुरुवात होते आहे, तर ती थांबली.

"एवढंच?"

"एवढंच. आई म्हणे, अजून एक फेरा मारावा वाटला की थांबाचं."

तेवढ्यात तुझा भाऊ एसटीने येऊन पोचला. तिने सगळ्यांना कप दिले, मलाही. घट्ट, कडसर, वर संत्र्याचा वास. तो म्हणाला, "रेवा, हे प्याचं का चाटाचं व?" ती हसली. माझ्याकडे बघून नाही. पण माझ्या स्वयंपाकघरात हसली.

कप रिकामे झाल्यावर त्याने विचारलं, "मंग, काय ठरलं?"

मी ओट्याची कड धरून उभी होते. रडले असते तर ती कदाचित राहिली असती. ते मला कळत होतं, म्हणून रडले नाही.

"येतो मी, मामा," ती म्हणाली.

मी म्हणाले, "स्वेटर घे." बस्स.

ती फाटकापर्यंत गेली. नितीन डिक्कीत बॅग ठेवत होता. ती परत आली, अगदी जवळ, हळू बोलली. "आजी, कागदाचं बाबाले सांगशील का? मी नाही सांगणार. तू सांग. त्याले अजून वाटते, आई उगाच रुसली होती."

मी मान हलवली. तिला तेवढं पुरलं नाही. "बोल ना."

"सांगते," मी म्हणाले. मग ती गाडीत बसली.

आता ऊन अंगणातून सरकलं आहे. नितीन येईल. थकलेला असेल, आल्याआल्या चहा मागेल. मी आधी सांगेन, मग चहा ठेवेन. नीट आठवत नाही असं म्हणणार नाही. वयावर ढकलणार नाही. तुझं नाव घेऊन सांगेन, की त्या दिवशी वैशाली खरं बोलत होती आणि मी नव्हते. तो चिडेल. चिडू दे. यात तुला खोटं वचन देणार नाही.

नितीनची आई