पायऱ्या उंच कुणी केल्या?

ती. ताईस,

धाकट्या भावाचा बसल्या जागेवरून नमस्कार. (वाकून करायला हवा, पण वाकलो तर परत सरळ होण्याची हमी नाही. का ते पुढे येईलच.) तुझा खोकला गेला असं ऐकलं. गेला असेल तर तो खरंच गेला ना, याची एकदा चौकशी कर. दुखणी हल्ली गेल्यासारखं दाखवतात आणि मागे आपला माणूस ठेवून जातात. भावोजी कसे आहेत? त्यांना माझा नमस्कार सांग, पण पत्र दाखवू नकोस. माझ्या प्रकृतीच्या बातम्या हिनं तुला फोनवरून दिल्याच असतील. तुम्ही दोघी काय बोलता ते मला माहीत नाही, पण मी खोलीत आलो की ही ‘बरं, ठेवते’ म्हणते, एवढं माझ्या लक्षात आलेलं आहे. म्हणून खरी हकीकत तुला माझ्या हातची मिळावी, यासाठी हा खटाटोप.

सुरुवात एका गिऱ्हाइकानं केली. कपाटाचं अडकलेलं कुलूप घेऊन आलं आणि मी डोळा बारीक करून किल्लीच्या भोकात बघत असताना थेट माझ्या तोंडावर शिंकलं. नंतर माफी मागितली, पण इतकी झटपट की तयारी करून आल्यासारखी वाटली. झालं, मला ताप भरला. घसा, डोकं, कंबर, सगळं ठणकत होतं. ही म्हणाली डॉक्टरकडे जाऊ. मी म्हणालो, अंगावर काढीन. आणि काढला. ताप उतरला, तोंडाला चव आली, आणि मी घरातल्यांना दोन शब्द सुनावले की माणसानं मनानं खंबीर असावं लागतं. (हे शब्द ही अजून अधूनमधून परत करत असते.)

तापानंतर पहिल्यांदा दुकान उघडायला गेलो, तर शटर उचलेना. इतकी वर्षं मी ते एका हातानं वर ढकलत आलो आहे. त्या दिवशी दोन्ही हात लावले, खांदा लावला, तरी ते गुडघ्याच्या वर येईना. माझ्या मनात पहिलं नाव आलं शेजारच्या शिंप्याचं. आमचा पाटीवरून वाद आहे, तुला ठाऊकच आहे. मी फुटपाथवर बसून भिंगातून शटरच्या खाचा तपासल्या. काही सापडलं नाही, म्हणजे काम सफाईनं केलेलं होतं. तेवढ्यात तो शिंपी गळ्यात टेप लटकवून आला आणि एका हातानं शटर वर करून निघूनही गेला. काही बोलला नाही. दोषी माणूस बोलत नाही, हे तूही मान्य करशील.

संध्याकाळी घरी आलो तर जिन्याच्या पायऱ्या उंच झालेल्या. हसू नकोस. मागच्याच महिन्यात इमारतीच्या सेक्रेटरीनं जिन्याची डागडुजी केली होती, तेव्हा माझी परवानगी कुणी घेतली नव्हती. मी कठड्याला धरून, मांडी हातानं उचलून एकेक पायरी चढलो, वर आल्यावर टेप घेतला आणि पुन्हा खाली जाऊन पायऱ्या मोजल्या. (पुन्हा वर यायचं आहे हे ध्यानात नव्हतं.) सगळ्या सारख्या निघाल्या. म्हणजे सेक्रेटरीनं एखाददुसरी नव्हे, सगळ्याच वाढवल्या होत्या. घरात तोच प्रकार. माझ्या खुर्चीतून मला उठता येईना. खुर्चीचे पाय कुणीतरी कापले असावेत म्हणून मी ते बाकीच्या खुर्च्यांशी ताडून पाहिले. हिनं विचारलं काय करताय, तर मी म्हणालो, धूळ बघतोय. मग केस विंचरायला हात वर नेला आणि तो कानापर्यंत जाऊन थांबला, तेव्हा मात्र मी जरा चरकलो. कारण हात तर माझाच होता आणि त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

नेमक्या त्याच वेळी हिचा धाकटा भाऊ येऊन टपकला. त्याला आपण सगळे ‘सावकाश’ म्हणतो तोच, जेवायला बसला की बाकीच्यांची पानं वाळतात तो. म्हणाला, भावोजी, तुम्ही पडून राहा, दुकान मी बघतो. आता सांग, ज्या माणसाला चहाचा कप संपवायला सकाळ लागते त्याला माझ्या दुकानाची एवढी घाई का? मी किल्ल्या दिल्या, पण गुंतागुंतीच्या कुलपांचं काम दाखवलं नाही. ते मी कुणालाच दाखवत नाही. ही म्हणाली, शिकवा की त्याला, तुम्हालाच मदत होईल. मी मनात म्हटलं, हां, म्हणजे बहीणभाऊ यात एकत्र आहेत.

यानंतरचं तुला लिहायला संकोच वाटतो, पण तू मला लहानपणी आंघोळ घातली आहेस, तेव्हा चालेल. मला लघवी काळी व्हायला लागली. काळी म्हणजे दूध न घातलेल्या चहासारखी. आणि ताई, घरात चहा करतं कोण? मी कुणाला काही बोललो नाही. शांतपणे चहा बंद केला. ही कप ठेवून वळली की तो खिडकीतल्या कुंडीत ओतायचो. मग विचार केला, पाणीही हीच भरते, म्हणून तेही जवळजवळ सोडलं. तरी रंग काही उतरेना, उलट गडद होत गेला. कुंडीतलं झाड मात्र टवटवीत होतं, ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती.

मग ती सकाळ आली. मी आंघोळीला गेलो आणि कडीऐवजी आतून कुलूप लावलं. (संशय आल्यापासून मी न्हाणीघराला माझ्या बनावटीचं कुलूप बसवलं होतं. बाहेरून किल्ली नाही, ठरावीक ठिकाणी तार घातल्याशिवाय ते उघडत नाही, आणि ते ठिकाण फक्त मला ठाऊक.) स्टुलावर बसून आंघोळ केली आणि उठायला गेलो, तर मांड्यांनी साफ नकार दिला. घसरून खाली बसलो. हात वर करून कुलपापर्यंत पोचावं, तर हात खांद्याच्या वर जाईना. ओल्या फरशीवर, अंगावर पंचा, आणि समोर जगातलं सगळ्यात चांगलं कुलूप. ही बाहेरून हाका मारू लागली. मी म्हणालो, मजेत आहे. थोड्या वेळानं तिचा आवाज बदलला आणि तिनं भावाला बोलावलं. तो दार फोडू म्हणाला. मी म्हणालो, दार चांगलं आहे, फोडायचं नाही, आणि तू दुकानात जा. तो गेला नाही. दाराला टेकून खाली बसला, ते मला फटीतून दिसलं.

“भावोजी,” तो म्हणाला, “कुठे तार घालायची तेवढं सांगा. मी उघडतो आणि विसरून जातो.”

ताई, मी त्या कुलपाकडे बघत बसलो. पाय बधिर झालेले, घसा कोरडा पडलेला, आणि पलीकडे हिच्या रडण्याचा आवाज. (रडणं खरं आहे का, हेही मी कान देऊन ऐकलं. खरं होतं.) मग मी सांगितलं. आयुष्यभर जे कुणाला सांगितलं नाही ते दाराच्या फटीतून सांगितलं, आणि त्यानं त्याच्या त्या सावकाश हातांनी, एक ओरखडा न उमटवता, कुलूप उघडलं. मला दोघांनी उचललं. हिनं मोरीकडे पाहिलं, तिथला लघवीचा काळा रंग पाहिला आणि काही न विचारता टॅक्सी बोलावली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण नजर पोलिसाची. रक्त घेतलं. त्यातला कसलासा आकडा पाहून त्यांनी भुवया उंचावल्या आणि तोच तपासायला पुन्हा रक्त घेतलं. मग सांगितलं की ताप विषाणूचा होता, तो गेला, पण जाताना स्नायूंना आतून सूज आणून गेला. मांड्या आणि खांदे म्हणून दुबळे झाले. सुजलेले स्नायू तुटतात, त्यांचा रंग रक्तातून लघवीत उतरतो, आणि तो मूत्रपिंडांत अडकला तर मूत्रपिंडंच बंद पडू शकतात. बहुतेकांना एवढं काही होत नाही, चार दिवस अंग दुखतं नि थांबतं. मी म्हणालो, मग मलाच का निवडलं? त्यावर त्यांनी उत्तर न देता विचारलं की दिवसाला पाणी किती पिता. मला खोटं बोलायचं होतं, पण ही समोर उभी होती. मी चहाचं, पाण्याचं, कुंडीचं, सगळं सांगितलं. 

“तुमच्या चहात काही नव्हतं,” बाई म्हणाल्या. “तो प्यायला असतात तर निम्मे बरे झाला असतात.”

ही वळली. खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो. शिंप्यावर, सेक्रेटरीवर संशय घेतल्याचं मला काही वाटलं नव्हतं. हे मात्र वाटलं. सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या चढल्या. (प्रत्येकीचं सील मी तपासलं, सवय एकदम जात नाही.) हळूहळू रंग उतरला, आकडाही उतरला. मूत्रपिंडं वाचली. आता घरी आहे. आधी पूर्ण विश्रांती, मग थोडं थोडं चालणं, जबरदस्तीनं ताकद आजमावायची नाही, असं बजावलं आहे. कंगवा केसांपर्यंत पोचतो. जिना अजून उंचच वाटतो, पण मी तक्रार मागे घेतली आहे. चहा हिनं समोर बसून प्यायला लावला, पहिला घोट स्वतः घेऊन. मी नको म्हणालो होतो.

परवा टॅक्सी करून, न सांगता, दुकानासमोर उतरलो. बघितलं तर पाटी माझीच, गल्ल्यावर माझा फोटो तसाच, आणि सावकाश एका म्हातारीला किल्ली कशी फिरवायची ते दाखवतोय. माझ्या खास कुलपांचं एक काम आलेलं, ते त्यानं कपाटात बाजूला ठेवलेलं. मी विचारलं, का केलं नाहीस, तुला येतं की आता. तो म्हणाला, विसरून जाईन असं सांगितलं होतं ना. ताई, माणूस इतका सरळ असतो का? मी अजून शोध घेतोच आहे. तूर्तास थांबतो. खोकल्याचं कळव.

तुझा, हळूहळू उभा राहणारा, भाऊ

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. सावकाशला लिफ्टच्या कंपनीत नोकरी लागते आहे, पुढच्या महिन्यात जातो म्हणतो. ज्याला दुकान गिळायचं तो नोकरीला का जाईल, हे माझ्या हिशेबात बसत नाही. तू एकदा इकडे ये आणि त्याला थांबव. कायमचा थांबव, भागीदार म्हणून. मी त्याला इतकं बोललो आहे की माझ्या तोंडून ते निघत नाही, आणि हिच्याकरवी सांगावं तर ही म्हणते, तुमचं तुम्ही सांगा.

पुन्हा ता. क. पत्र त्याच्याच हाती टपालात टाकायला देतोय. पाकीट उघडलेलं वाटलं तर लगेच फोन कर. (मी ते नीट चिकटवलेलं नाही. त्यानं वाटेत वाचलं, तर तुझा एवढा लांबचा प्रवास वाचेल.)