आईच्या रांजणाचा काठ

पु-क्रेल, मोंडुलकिरी
मंगळवार, १२ फेब्रुवारी

बाळ ब्लांग,

थोरलीचा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज. इकडे सगळे बरे. काजूला मोहर चांगला धरलाय. तांबडी कोंबडी खुडूक बसलीय, जवळ गेलं की टोचते, थेट आपल्या आत्यासारखी. फोन केला की तू ‘ताई, आवाज तुटतोय’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. अक्षर वेडंवाकडं आहे, म्हातारपणी गिरवलेलं. तुमच्या कंपनीच्या तळावर भाजी नेणाऱ्या बाईकडे पत्र देतेय.

काल गावात सभा झाली. जिल्ह्याचे साहेब आले होते, आणि कायदा शिकलेली ती शहरातली पोरगी, रच्छाना. ओढ्यापलीकडचं रान गुरुवारी पाडायचं, तिथं रबर लावायचं, असं साहेबांनी सांगितलं. आम्ही म्हटलं, तिथं आमची माणसं पुरलीत.

साहेब म्हणाले, “मग कुणी फिरकत कसं नाही? वाट नाही, कुणी गवत काढलेलं नाही. मला तर नुसतं जंगल दिसतं.”

आता यांना काय सांगावं. क्रांगकाकांनी सांगून पाहिलं. मेलेल्याला जेवू घालून एकदा निरोप दिला की पुन्हा त्याच्या दारात जायचं नाही, गेलं तर तो मागे लागतो. वर रान वाढू द्यायचं, तोच त्याचा मान. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, पुरावा काय? रच्छाना हळूच म्हणाली, स्मशानाला हात लावता येत नाही असा कायदा आहे, पण स्मशान आहे हे तुम्हालाच दाखवावं लागेल, आत जाऊन. काका उठून निघून गेले.

मग आम्ही बायकाच बसलो. भीती सगळ्यांनाच होती. शेवटी म्हातारी न्याओ म्हणाली, “माझी सासू आहे तिथं. मी येतेय म्हटल्यावर तीच पळून जाईल.” हसलो खूप. हसता हसताच ठरलं, आत जायचं.

भात लागल्याचा वास येतोय, बघून येते.

खालचा करपला. कालपासून हेच चाललंय, हात एकीकडे, जीव भलतीकडे. कोंबड्यांना दोनदा दाणे टाकले, मला मात्र जेवायची आठवण नाही.

तुझ्यावर राग नाही रे. तुझी चूल त्या पिवळ्या यंत्रावर पेटते, तुझ्या लेकीची शाळा त्यावर चालते, हे मला कळतं. ओढ्यापलीकडचा पट्टा पाडायला तुलाच दिलाय, हेही कळलं. तू इथलाच, वाटा ठाऊक असलेला, म्हणून दिला असेल.

पण एक वाट तुला ठाऊक नाही. आई गेली तेव्हा तू दूर समुद्रात, मासेमारीच्या बोटीवर होतास. परतल्यावर तू विचारलं नाहीस, आम्ही सांगितलं नाही. सांगायचं नसतंच. आज सांगतेय. त्याचं काही वाईट व्हायचं असेल तर माझं होवो.

ओढा ओलांडलास की डाव्या हाताला बांबूचं बेट लागतं. त्याच्या मागे मोठं, डिंक गळणारं झाड. त्याच्या बुंध्याशी एक रांजण उपडा आहे, तळ फोडलेला, आपल्या रीतीप्रमाणे. वेली चढल्या असतील, तरी तू ओळखशील. एका बाजूला काठ उडालेला आहे. लहानपणी तू गोफणीने उडवलास आणि मांजरावर ढकललंस, तोच रांजण. आईला खरं माहीत होतं. पाहुणे आले की ती तेवढी बाजू भिंतीकडे करून ठेवायची.

साहेब गुरुवारी दुपारी पुरावा बघायला येणार आहेत. यंत्रं मात्र सकाळीच निघतात, हे मी तुला काय सांगावं. काम सोड असं मी म्हणत नाही. काय म्हणतेय ते मलाही नीट लिहिता येत नाहीये.

आईची लाल पट्ट्यांची घोंगडी पेटीतून काढून उन्हात टाकलीय. यंत्रावरून खालचं माणूस लहान दिसत असेल ना? लाल रंग लांबून दिसतो.

जेवत जा वेळेवर.

गुरुवारी सकाळपासून आईशेजारी बसलेली,
तुझी थोरली
प्लेंग