भावजींचा उजवा पाय आणि आपली पिकअप

तीर्थस्वरूप वन्सं यांच्या चरणी, दोन्ही गुडघे अजून शाबूत असल्यामुळे नीट वाकून केलेला नमस्कार.

तुमची नवी कवळी हिरडीला टोचायची थांबली का? परवा फोनवर तुम्ही मला जे बोललात त्यातला शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आला, त्यावरून बसली असावी. देवाची कृपा. इकडे सगळे खुशाल, म्हणजे आपापल्या खोलीत फुगून बसले आहेत. तुमचं बोलणं मी मधे न तोडता ऐकून घेतलं (फोन तुम्ही लावलेला, मी कशाला तोडू?), पण ऐकलं म्हणजे पटलं असं समजू नका. पिकअप विकून टाका आणि तू आपली जपमाळ नि जमाखर्च सांभाळ, अशी तुमची आज्ञा. जपमाळ सांभाळते. जमाखर्चही सांभाळते. पिकअप विकू देणार नाही. मोठ्यांच्या तोंडावर नाही म्हणू नये असं आईने शिकवलंय, म्हणून तर लिहून कळवते आहे.

तुमच्या धाकट्या भावाने, म्हणजे आमच्या भावजींनी, तुम्हाला त्यांची बाजू सांगितली. आता माझी ऐका. आमच्या घरधन्याच्या, म्हणजे यांच्या, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी क्लच दाबायचा नाही म्हणून बजावलं. आपला धंदा काचेचा, गिऱ्हाइकाच्या दारात काच उभी नेऊन पोचवायची, गाडीशिवाय भागणार कसं? म्हणून तर ही ऑटोमॅटिक पिकअप आली. डाव्या पायाला सुट्टी, गिअर गाडी आपली आपण बदलते. भावजींचं म्हणणं, ही विकू आणि माझ्या दोस्ताची क्लचवाली घेऊ. घ्या की! पण मग ती चालवणार एकटे भावजी, आणि हे दिवसभर दुकानात स्टुलावर बसून आल्यागेल्याला “भाऊ आला की सांगतो” म्हणणार. ज्या माणसाने आजवर मोठी काच दुसऱ्या कुणाला उचलू दिली नाही, त्याने स्टुलावर बसून पुठ्ठ्याने वारा घ्यायचा? मला ते बघवणार नाही. भांडण एवढंच आहे. बाकी सगळी गिअरची गोष्ट.

तर गिअर. भावजींची तक्रार अशी की दवाखान्याच्या चढावर गाडी आधी झोपते आणि मग दचकून उठते. दचकते, खोटं कशाला बोलू? पण भावजी ॲक्सिलरेटर दाबतात तो झुरळ मारल्यासारखा. या गाडीत त्या पेडलपासून इंजिनापर्यंत तारबीर काही नाही (गाडीबरोबर आलेलं पुस्तक मी वाचलं आहे, मॅट्रिकला माझं इंग्रजी काठावर सुटलं होतं, पण सुटलं होतं). पायाने आपण नुसती विनंती करायची. गिअरची पेटी ती ऐकते, पाय किती दाबलाय, इंजिनाला किती ओढ बसतेय याचा विचार करते आणि मग वरचा गिअर सोडून खालचा घेते. या विचाराला तिला क्षणभर वेळ लागतो. तेवढ्यात भावजींना वाटतं, हिने ऐकलंच नाही, की देतात पाय पार तळाला. मग पेटीला वाटतं, कुठे आग लागली! एकदम दोन गिअर खाली, इंजिन बोंब ठोकतं, आणि मागे उभ्या काचा एकमेकींना टाळ्या देतात. केस कापण्याच्या दुकानाचा तो मोठा आरसा असाच गेला. अहो, देवापाशी आपण कसं मागतो? एकदा मागतो आणि गप्प बसतो. उत्तर यायच्या आत दुसऱ्यांदा ओरडलं तर देवसुद्धा दचकेल. (भावजी प्रार्थनेला बसत नाहीत ते उगाच नाही. तुम्ही मोठ्या, सांगून पाहा.)

आता त्या बुचांचं. हो, मीच लावली. दोन काचांच्या मधे आपण बुचाच्या चकत्या ठेवतो ना, त्यांची एक चळत चिकटवून मी ॲक्सिलरेटरच्या खाली बसवली. पेडल तळाला टेकणारच नाही, म्हणजे डिझेलही वाचेल आणि आरसेही. घरातला पंखा तीनच्या पुढे जाऊ नये म्हणून मी बटणाशी खिळा ठोकलाय, तो तुम्ही पाहिला आहे आणि तेव्हा वाहवाही केली आहे. मग चकत्यांनी काय पाप केलं? एवढं खरं की त्या दिवशी गाडीत वजन पुरेपूर होतं आणि चढ ऐन भरात. पेटी वाट बघतेय की पाय जोर मागेल, भावजी वाट बघताहेत की ही जोर देईल. पिकअप गोगलगायीसारखी चढली. मागे एवढी रांग लागली, की शववाहिनीचा ड्रायव्हर उतरून खिडकीशी आला आणि म्हणाला, “साहेब, आमच्या माणसाला घाई नाही, पण आम्हाला आहे.” पुढे गॅरेजवाल्याने कंप्युटर लावून सगळी गाडी तपासली, काही सापडेना; शेवटी हातातला पाना खाली पडला म्हणून वाकला, तर चळत! भावजींनी तिथूनच तुम्हाला फोन लावला. पण त्या खेपेला काचा एकूण एक अखंड पोचल्या, हे काही सांगितलं नसेल. नाहीच सांगितलं ना?

चकत्या लावण्यात माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. फार तर चळत उंच झाली. मात्र चढावर जोर लागतोच, तिथे पेडल अडवून भागत नाही, पायच शहाणा हवा, हे मलाही कळलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी स्वतः बसले. (लायसन यांच्या ऑपरेशनच्या वेळीच काढलं होतं. पैसे भरून घेतलेली वस्तू नुसती पडून राहिली की मला झोप येत नाही.) शिवणयंत्रावर माझा पाय इतकी वर्षं घडला आहे, रेशमाला कसा चालवायचा आणि गोणपाटाला कसा, ते त्याला ठाऊक. हे शेजारी डोळे मिटून, मागे एका डॉक्टरीणबाईंच्या बाल्कनीच्या काचा. चढ लागायच्या जरा आधीच पाय थोडा वाढवला, देवाचं नाव घेतलं आणि पाय तिथेच धरून ठेवला. पेटीने एकच गिअर खाली घेतला, तोही इतका अलगद, की अर्ध्या चढावर यांनी डोळे उघडून विचारलं, “अगं, चढ कधी लागणार?”

परत येताना यांनी चालवली. मी शेजारून “थांबा, विचार करतेय ती” म्हणत होते आणि हे थांबत होते. लग्नानंतर माझ्या सांगण्यावरून थांबायची ही यांची पहिलीच वेळ. वन्सं, तुमचा भाऊ चढावर शीळ घालत होता. ऑपरेशननंतर ती शीळ मी ऐकली नव्हती. आता सांगा, विकू?

या एका बाबतीत सोडून तुमची आज्ञाधारक,
भावजय

ता. क. परवा गाडी मागे घेताना दिवा फुटला. त्यात गिअरचा दोष नाही, भिंतीचा आहे. भावजींकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

आणखी ता. क. गाडी तुमच्या नावावर आहे. (नाहीतर एवढं कशाला लिहिलं असतं? कार्डावर भागवलं असतं.) भावजी रविवारी विक्रीचा कागद घेऊन तुमच्याकडे येताहेत. सही करू नका. चष्मा सापडत नाही म्हणा, कवळी सापडत नाही म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा, पण सही करू नका. पाया पडते.

शेवटचं. त्यांच्या आधी, शनिवारीच, आम्ही दोघं पिकअप घेऊन येतो आहोत. तुमच्या घराचा चढ हे चढवतील. फाटकातून उलटी आत मी घेणार आहे. फाटक सताड उघडं ठेवा आणि तुम्ही मात्र घरातच थांबा.